वाळलंय की!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मराठी विभागासाठी "काहीतरी टेक्निकल, पण सोपं" लिही असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा माझ्या रूममेट्सना वाटलं की मी रोबोटवर नाहीतर इलेक्ट्रिक गाडीवर लिहीन. मी गवतावर लिहितेय. कापलेलं गवत वाळवणे, उलथणे आणि मग त्याच्या गाठी बांधणे, एवढाच विषय आहे. हसू नका! आपल्या सिलॅबसमधलं थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्सफर मला जेवढं वर्गात कळलं, त्याहून जास्त मामाच्या गवताच्या गंजीने शिकवलं, आणि त्याची फी जरा जास्तच घेतली. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या खात्यावर टाकाव्यात ही विनंती.

माझ्या मामाचं घर पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यात आहे. भातशेतीशिवाय त्याच्याकडे अडीच एकर वरकस आहे. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, भाताच्या उपयोगाची नाही, पण पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत उभं राहतं. पाऊस गेला की ते विळ्याने कापायचं, उन्हात पसरायचं, वाळलं की प्रेसमध्ये दाबून गाठी बांधायच्या आणि व्यापाऱ्याला द्यायच्या. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी वर्षानुवर्षं या भागातलं गवत खात आल्या आहेत. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या चहातल्या दुधाचाही याच्याशी संबंध असू शकतो, बरं का.

मागच्या वर्षी, मी एस.ई.ला असताना, दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. गवत कापून दोन दिवस झाले होते. मामा म्हणाला, "अजून दोन उन्हं खाऊ दे, उद्या एकदा पालथं घालू." पण व्यापाऱ्याचा निरोप होता की प्रेस आज आहे, ट्रक उद्या येईल, नाहीतर आठवडाभर थांबा. माझ्या मोबाईलवर परवाच्या पावसाची ७० टक्के शक्यता दिसत होती. मी शेतात गेले, वरचं मूठभर गवत उचललं, चुरगळलं. कुरकुर वाजलं. "मामा, वाळलंय की! कशाला थांबतोस?" मामाने एकदा आभाळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. इंजिनिअरिंगला गेलेली भाची सांगतेय म्हटल्यावर तो बिचारा हो म्हणाला. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस गाठी बांधून झाल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस आला (मी बरोबर होते!), त्यामुळे ट्रक आला नाही (हे मोबाईलने सांगितलं नव्हतं). गाठी गोठ्याला लागून असलेल्या पडवीत रचल्या आणि मी हॉस्टेलला परत आले. पुढे काय झालं ते सांगण्याआधी थोडं शास्त्र बघू, म्हणजे माझी चूक नक्की कुठे झाली ते कळेल.

पाणी किती असतं?

कोवळ्या हिरव्या गवतात वजनाच्या साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं. पक्व होत गेलं की ते कमी होतं. लहान गाठी बांधायच्या तर ते १८ टक्क्यांच्या आसपास यावं लागतं, फार तर २०. परदेशात असतात तशा मोठ्या गाठींसाठी त्याहूनही कमी, कारण गाठ जितकी मोठी आणि घट्ट तितकी आतली ओल आणि ऊब बाहेर पडायला वेळ लागतो.

आता गणित करू. १००० किलो हिरव्या गवतात ७५ टक्के पाणी धरलं तर कोरडा भाग फक्त २५० किलो. तो १८ टक्के ओलीवर आणला की एकूण वजन होतं २५० भागिले ०.८२, म्हणजे सुमारे ३०५ किलो. म्हणजे ६९५ किलो पाणी हवेत जायला हवं! पाण्याच्या बाष्पीभवनाला किलोमागे सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. हिशोब केला तर एक टन हिरव्या गवताला साधारण ४६० ते ४७० युनिट विजेएवढी ऊर्जा लागते. आपल्या हॉस्टेलचा दोन किलोवॉटचा गीझर न थांबता जवळजवळ दहा दिवस चालवला तर तेवढी होईल. (रेक्टर सर, हे फक्त उदाहरण आहे.) ही सगळी ऊर्जा ऊन आणि वारा फुकट देतात. आपलं काम एवढंच, की त्यांना गवतापर्यंत पोचू द्यायचं.

तीन टप्पे

हे पाणी एका वेगाने जात नाही.

पहिला टप्पा सगळ्यात वेगवान. गवत कापलं म्हणजे लगेच मेलं असं नसतं. त्याच्या पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उजेडात काही वेळ उघडी राहतात आणि त्यातून पाणी भराभर बाहेर जातं. गवत कोमेजलं की ती मिटतात. म्हणून कापल्या कापल्या ते लगेच रुंद, पातळ पसरायचं. ढीग करून ठेवलं तर आत अंधार, रंध्रं बंद, आणि फुकटात जाणारं पाणी आतच अडकतं. याच काळात पेशी श्वसन करत असतात आणि स्वतःचीच साखर जाळत असतात. ओल साधारण ४० टक्क्यांपर्यंत उतरली की हे थांबतं. तोवर जळलेली साखर म्हणजे म्हशीच्या तोंडचा घास गेला असं समजा.

दुसऱ्या टप्प्यात काडीतलं पाणी. पानं लवकर वाळतात, पण काडी जाड असते आणि तिच्यावर मेणासारखा थर असतो. परदेशातल्या कापणी यंत्रांत यासाठी दोन रुळांची जोडी बसवलेली असते. गवत त्यातून जाताना काडी ठिकठिकाणी चेपली जाते आणि पाण्याला वाट मिळते. आपण विळ्याने कापतो, तेव्हा ही सोय नाही. म्हणजे काडीला वेळ द्यायलाच हवा.

तिसरा टप्पा सगळ्यात चिवट. उरलेलं पाणी पेशींच्या भिंतींना धरून बसलेलं असतं. इथे हवेतली आर्द्रता ठरवते की गवत किती वाळणार. हवा दमट असेल तर गवत एका मर्यादेखाली वाळतच नाही, उलट रात्री दवातून पाणी परत घेतं. दुपारी वाळलेलं गवत सकाळी मऊ लागतं ते यामुळे.

उलथायचं कशासाठी?

पावसाळ्यात हॉस्टेलच्या दोरीवर घडी न उलगडता टाकलेली जीन्स आठवा. वरून हात लावला तर सुकलेली, घालायला घेतली की कमरेची पट्टी आणि खिसे ओलेच. गवताचंही तेच. वरचा थर उन्हात वाळतो आणि खालच्या थरावर झाकण होऊन बसतो. काड्यांमधली हवा हलत नाही, ती बाष्पाने भरून जाते, मग खालचं पाणी जाणार कुठे? वर आणखी पावसाळ्यानंतरची जमीन ओली असते, ती खालून ओल देत राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर वरचा थर म्हणजे इन्सुलेशन आणि मास ट्रान्सफरचा रेझिस्टन्स दोन्ही. मी जे मूठभर गवत चुरगळलं ते याच झाकणाचं होतं!

मामाकडे हे काम दाताळ्याने आणि लांब काठीने होतं. खालचं वर, वरचं खाली, आणि मुख्य म्हणजे गवत मोकळं, फुललेलं राहिलं पाहिजे, म्हणजे वारा आरपार जातो. परदेशात ट्रॅक्टरमागे टेडर नावाचं यंत्र लावतात. त्याच्या गोल फिरणाऱ्या हातांना स्प्रिंगचे दात असतात, ते गवत उचलून मागे भिरकावतात. शेवटी रेकने गवताच्या लांब ओळी करतात आणि गाठी बांधणारं यंत्र त्या ओळींवरून जातं.

वेळेचंही महत्त्व आहे. साधं गवत दव उडाल्यावर उलथायचं, नाहीतर आपण दवच आत मिसळतो. लसूणघासाची गोष्ट वेगळी. त्याची पानं खूप वाळली की हात लागताच चुरा होऊन गळतात, आणि प्रथिनं तर मुख्यतः पानांतच असतात. म्हणून तो थोडा ओलसर असतानाच, सकाळी पानं मऊ असताना, हलक्या हाताने फिरवतात. नाहीतर गाठीत नुसत्या काड्या बांधल्या जातात. वाळत आलेल्या गवतावर पाऊस पडला तर त्यातली विरघळणारी साखर धुऊन जाते आणि गवत पुन्हा पहिल्यापासून वाळवावं लागतं.

ज्या देशांत ऊनच कमी तिथे लोकांनी डोकं लढवलं आहे. नॉर्वेत खांबांना तारा बांधून त्यांवर गवत टांगतात, त्याला हेस्ये म्हणतात. स्लोव्हेनियात कोझोलेत्स नावाचे लाकडी मांडव असतात, वर छप्पर आणि आडव्या दांड्यांवर गवत. जमिनीची ओल लागत नाही आणि वारा दोन्ही बाजूंनी मिळतो. आपल्या कपड्यांच्या दोरीचंच तत्त्व! कोकणपट्टीला हे लागत नाही, कारण पाऊस परतला की ऑक्टोबरचं ऊन असं पडतं की विचारू नका. फक्त जाता जाता तो एखादी सर टाकून जातो आणि तिथेच घोळ होतो.

त्या रात्री

गाठी रचून बारा दिवस झाले होते. शनिवारी मी पुन्हा मामाकडे गेले. एस.टी.तून उतरून अंगणात आले तोच गोड, खमंग वास आला. गूळ कढवताना येतो तसा, थोडा तंबाखूसारखा. मी आजीला म्हटलं, "काय करतेयस गं? मस्त वास येतोय." आजी म्हणाली, "मी काही नाही करत. तो दोन दिवस पडवीतून येतोय."

मामाने लोखंडी पहार गंजीत खोल खुपसली आणि पाव तासाने ओढून काढली. टोकाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. तो एक शब्द बोलला नाही. आधी दोन्ही म्हशी सोडून लांब बांधल्या, शेजाऱ्यांना हाका मारल्या, पाण्याची पिंपं आणि फवारणीचा पंप आणला. मग बाजूने एकेक गाठ ओढून उघड्यावर टाकायला सुरुवात केली. बाहेरच्या गाठी ठीक होत्या. आतल्या कोमट, त्याच्या आतल्या गरम, वाफा येत होत्या. मधल्या गाठी चॉकलेटी पडल्या होत्या आणि दोन तर काळ्या. त्यांतली एक उघड्यावर आली, वारा लागला आणि आतून धूर सुटला. मग लाल ठिणगी दिसली. मामेभावाने लगेच पाणी मारलं. पडवीला लागून गोठा, गोठ्याला लागून घर. मी हातात बादली घेऊन उभी होते आणि माझे पाय खरोखर लटपटत होते.

आग कोणी लावली? कोणीच नाही. ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की गवतावरच्या बुरशी आणि जिवाणूंना मेजवानी मिळते. ते खातात, वाढतात आणि उष्णता सोडतात. वाळलं गवत उष्णतेचं वाईट वाहक, म्हणून ती मधेच कोंडते. तापमान ५०-५५ अंशांपर्यंत चढतं. मग उष्णता आवडणारे जिवाणू पुढे येतात आणि ते ७० अंशांपर्यंत नेतात. त्यापुढे तेही मरतात. पण तोपर्यंत रासायनिक क्रिया सुरू झालेल्या असतात, साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जोडली जाऊन गवत चॉकलेटी होतं. तो गोड वास त्याचाच. म्हशीला असं गवत आवडूही शकतं, पण त्यातलं प्रथिन तिला फारसं पचत नाही. या क्रियाही उष्णता सोडतात आणि गंज आतल्या आत तापत राहते. आत प्राणवायू कमी असतो म्हणून ज्वाळा दिसत नाही. वारा मिळाला की पेट घेते.

म्हणून साधारण नियम असे: आतलं तापमान ५० अंशांच्या खाली असेल तर काळजी नाही. ६५ झालं तर रोज मोजायचं. ७० च्या वर दर चार तासांनी. ८० च्या आसपास गेलं तर अग्निशमन दल आल्याशिवाय गंज उघडायचीच नाही, कारण उघडणं म्हणजे तिला हवा देणं. आणि गंजीवर चढायचं तर मुळीच नाही, आत जळून पोकळी झाली असेल तर माणूस खाली जातो. आम्ही त्या रात्री जे केलं ते धाडस नव्हतं, अज्ञान होतं. निभावलं, एवढंच. गाठी बांधल्यापासून पहिले सहा आठवडे हा धोका जास्त असतो.

ओल्या गवताचा एक वेगळा वारस

आग लागली नाही तरी बुरशी उरतेच. बुरसटलेल्या गवताची धूळ वारंवार छातीत गेली तर फुप्फुसांचा आजार होतो, त्याला इंग्रजीत फार्मर्स लंग असंच नाव आहे. तेव्हा असल्या गाठी सोडताना तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क हवा.

याहून विचित्र गोष्ट अमेरिका आणि कॅनडातली. १९२० च्या दशकात तिथे गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंगं कापली किंवा साधी जखम झाली तरी रक्त थांबत नसे. कारण निघालं स्वीट क्लोव्हर नावाच्या वैरणीचं बुरसटलेलं, नीट न वाळलेलं गवत. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली गाय, न गोठलेल्या रक्ताचा डबा आणि ते गवत घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे पोचला. लिंक यांच्या प्रयोगशाळेला त्यातलं द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं करायला १९३९ साल उजाडलं. त्याचं नाव डायकुमेरॉल. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५० च्या दशकात माणसांसाठी, रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून, वापरात आलं. आजही डॉक्टर ते देतात. नीट न वाळलेल्या गवतातून एवढं निघालं!

मग ओळखायचं कसं?

मूठभर गवत वरून घ्यायचं नाही, खालून घ्यायचं, चार ठिकाणचं घ्यायचं. (हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.) जुडी दोन्ही हातांनी पिळायची. काड्या तुटायला लागल्या आणि ओल दिसली नाही तर ठीक. काडीवर नख ओढायचं, साल सुटून आली तर अजून ओलं आहे.

सगळ्यात आवडलेली परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत बारीक कापलेलं गवत आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवायचं. मीठ मोकळं राहिलं तर वाळलं, गोळे झाले तर नाही. याचं कारण सुंदर आहे. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेऊन चिकट होतं. बंद बाटलीतली हवा गवताइतकीच ओली होते, आणि ७५ टक्के आर्द्रता म्हणजे गवतात साधारण १५-१६ टक्के ओल. एक रुपयाच्या मिठाचा सेन्सर! आपल्याकडे मीठ आधीच ओलसर असतं, म्हणून ते तव्यावर भाजून गार करून घ्यायचं, ही आजीची दुरुस्ती.

खात्री करायची तर ओव्हन आहेच. या दिवाळीत मी मामाच्या शेतातून, एकाच वाफ्यातलं, एकाच सकाळचं, वरचं आणि खालचं गवत दोन पिशव्यांत घट्ट बांधून आणलं. सिव्हिलच्या लॅबमध्ये मातीची ओल काढायचा ओव्हन असतो, तिथल्या सरांनी हसत परवानगी दिली. १०५ अंशांवर चोवीस तास. वरचं निघालं १७ टक्के, खालचं ३४. मागच्या वर्षी मी फक्त १७ टक्केवालं चुरगळलं होतं.

आणि वाळवायला ऊनच नसेल तर? मग उलट जायचं: ६५ टक्के ओल असतानाच बारीक कापून, दाबून, हवाबंद करून मुरघास करायचा. एकतर पूर्ण वाळवा, नाहीतर पूर्ण झाका. मधलं अर्धवट काही करू नका.

त्या एकशे चाळीस गाठींतल्या अडतीस गेल्या आणि उरलेल्यांचा भाव व्यापाऱ्याने पाडला. त्या पैशातून मामेभावाची आय.टी.आय.ची फी भरायची होती, ती दोन हप्त्यांत भरली. मामा मला कधीच काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

या दिवाळीला प्रेस आला तेव्हा मी परीक्षेमुळे हॉस्टेलवर होते. मामाचा फोन आला, "पोरी, मीठ चिकटतंय गं. व्यापारी घाई करतोय. काय करू?"

मी म्हटलं, "मामा, तुला काय वाटतं?"

"अजून दोन उन्हं."

"मग दोन उन्हं."